आधी माप धर

प्रिय मुली,

ग्रहांचे आकडे तुला पाठ आहेत, तरी डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही, हे वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. राग तुझा नाही, त्या रंगीत तक्त्याचा. गोलांना एक माप, अंतरांना दुसरं. मीही तोच तक्ता भिंतीला लावत आलो, याची सल आहे. म्हणून सांगतो, आधी एक माप धर आणि ते शेवटपर्यंत सोडू नकोस.

माप असं: दहा लाख किलोमीटरला 1 मीटर. 70 सेंटीमीटर दोरीला खडू बांधून जमिनीवर वर्तुळ काढ. तो सूर्य. बुधाला मिरीचा दाणा, मंगळाला 7 मिलिमीटरचा वाटाणा, शुक्र-पृथ्वीला दोन बारकी द्राक्षं. द्राक्षं आपल्याकडे हवी तेवढी, पण टपोरं उचलू नकोस. पृथ्वी 12.8 मिलिमीटरची हवी. 18 मिलिमीटरचं द्राक्ष घेतलंस तर ती जवळपास दीडपट होते आणि पुढचं सगळं खोटं. पट्टीने मोज! गुरूला 14 सेंटीमीटरचा सोललेला नारळ, शनीला 12 सेंटीमीटरचं डाळिंब, त्याची कडी 28 सेंटीमीटरच्या थाळीएवढी. युरेनस-नेपच्यूनला दोन लिंबं.

आता चाल. त्याआधी टेपने 30 मीटर आखून आपली पावलं तीनदा मोज आणि सरासरी काढ. 40 पावलं भरली तर पाऊल 75 सेंटीमीटरचं. हे टाळलंस की गर्दीत पाऊल आखडतं आणि गुरू अलीकडेच येऊन पडतो. सांगलीतून मिरजेकडे निघ. बुध 58 मीटरवर, शुक्र 108, पृथ्वी 150, म्हणजे तुझी 200 पावलं. मंगळ 228. मग साधारण 330 ते 480 मीटरपर्यंत लघुग्रहांचा पट्टा. तिथे दगडांची दाटी असते असं तुला वाटतं ना? त्यातला सर्वांत मोठा सेरेस इथे खसखशीएवढा, आणि सगळे मिळून चंद्राच्या वस्तुमानाच्या शेकडा चारही भरत नाहीत. गुरू 778 मीटरवर, शनी 1.4 किलोमीटरवर, युरेनस 2.9. नेपच्यूनला साडेचार किलोमीटर चालावं लागतं आणि मिरज अजून पुढेच. कंटाळशील. कंटाळ, पण रिक्षात बसू नकोस. ते अंतर पायांनाच कळतं.

या मापात प्रकाश सेकंदाला 30 सेंटीमीटर सरकतो, तुझ्या चालीपेक्षा हळू. सूर्यापासून पृथ्वीच्या द्राक्षापर्यंत त्याच वेगाने एकदा चालून बघ, आठ मिनिटं वीस सेकंद. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणोत. तो आकडा पाठ असलेली किती पोरं भेटली, पण तेवढा वेळ कुणी चालून पाहिलेला नसतो.

प्लुटोवर मात्र भांडत बसू नकोस. 2006 साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या केली. प्लुटो सूर्याभोवती फिरतो, गोलही आहे, पण आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला नाही, म्हणून बटुग्रह. संपलं.

दुर्बीण नंतर. या रविवारी उजाडताच निघ, वर्दळ वाढायच्या आत. चंद्र विसरशील म्हणून लिहितो: ज्वारीचा बारीक दाणा, पृथ्वीपासून 38 सेंटीमीटरवर. दोन-चार दाणे जास्त ठेव, वाऱ्याने उडतात.