रायफलीआधी रेंज बघ

सोलापुरात नेमबाजी शिकायचीय ना, मग एअर रायफल (हवेच्या दाबाने छर्रे उडवणारी) घ्यायची घाई करू नकोस. आधी रेंज, म्हणजे सरावाची जागा, बघ. आमची पहिली रेंज अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये होती. लक्ष्यापर्यंतचं दहा मीटर अंतर सहज मिळालं, पण एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा की घामाने गाल रायफलवर टिकायचा नाही. भाडं वाढलं, पोरं दहावीच्या वर्षात गळाली, शेवटी कुलूप लागलं. अजून जीव तुटतो.

म्हणून जिथे जाशील तिथे फी वेळेवर भर, सुट्टीतही भर, दोन-चार मित्रांना सोबत ने. रेंज त्यावरच जगते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर आहे ना, मागे छर्रे अडवायची सोय पक्की आहे ना, ते बघ. छर्रे शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

पुढे रायफल घेतलीस की घरी रोज अर्धा तास बिनछर्र्याचा सराव कर. स्प्रिंगची असेल तर मात्र नुसता नेम धर, रिकामी उडवलीस तर खराब होईल. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा असतो रे, हात स्थिरावायला वेळ लागतोच.