फौज वाळूतच का गारद होते?

प्रश्न : सहा बाय चार फुटी टेबलावर छोटे सैनिक मांडून दोन काल्पनिक देशांच्या लढाईचा खेळ खेळतो. बोटींतून उतरणारी फौज दर वेळी किनाऱ्यावरच संपते. काय चुकतं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी वाळूचा पट्टा मोजा. पायदळ डावाला ६ इंच चालतं आणि पट्टा १८ इंचांचा असेल, तर तीन डाव नुसता मार खायचा. ९ इंच पुरे. हल्लेखोर तिप्पट घ्या, पण तीन लाटांत उतरवा. प्रत्येक बोटीला फासा टाका. १ पडला तर बोट ४ इंच बाजूला वाहते. खरी गंमत तिथेच!

टेबलावरच्या थर्माकोलच्या टेकडीवर रंगाचा थेट स्प्रे मारू नका, ती विरघळते. आधी फेव्हिकॉलचा हात द्या. खानापूरच्या पावसात तो लवकर वाळत नाही, दोन दिवस थांबा.