परसातल्या डाळिंबाची फळं लिंबाएवढी झाली की सुकून झाडालाच लटकून राहतात. एका फांदीची पानंही पिवळी पडली आहेत. काय फवारू?

आत्ता काहीच फवारू नका. फळं सुरकुतली आणि त्याच फांदीची पानंही पिवळी पडली, म्हणजे दुखणं बहुधा फळात नाही, फांदीत किंवा बुंध्यात आहे. फळावर मारलेलं औषध तिथवर पोचत नाही. आधी कापून बघा.

एक सुकलेलं फळ उभं चिरा. सालीला गोल भोक, तोंडाशी विष्ठा आणि आत कुजका वास असेल तर ती फळ पोखरणारी अळी, म्हणजे सुरसा. पण अळीने फांदी पिवळी पडत नाही. भोक नाही, मात्र सालीवर तेलकट, पुढे काळपट होणारे डाग आहेत आणि साल उलली आहे, तर तेल्या, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा रोग. तेल्या फांदीवरही येतो. काळा डाग फांदीला वेढून बसला की तिथून पुढची फांदी वाळते. म्हणून पेरं नीट बघा.

फळावर यातलं काहीच नसेल, ते नुसतंच चिमलं असेल, तर पिवळी फांदी आडवी कापा. निरोगी लाकूड फिकट पिवळसर दिसतं. त्यात करडे-काळे, गाभ्याकडून सालीकडे पसरलेले डाग दिसले तर ती मर, म्हणजे बुरशीमुळे झाड वाळवणारा रोग. स्वच्छ लाकूड लागेपर्यंत खाली कापत जा, त्याखालीही आणखी वीतभर कापा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा, नाहीतर रोग तुमच्याच हाताने पसरतो. बुंध्याची माती बाजूला करून टाचणीएवढी छिद्रं आणि भुसा दिसतो का तेही पाहा; तो खोड पोखरणारा बारीक भुंगेरा, मर झालेल्या झाडावर हमखास येतो. डाग मुख्य खोडात उतरला असेल तर झाड वाचवायच्या नादी लागू नका. मुळांसकट काढा, जाळा आणि त्या खड्ड्यात लगेच पुन्हा डाळिंब लावू नका.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. तेल्या असेल तर फळं उतरवून, छाटणी झाल्यावर १ टक्का बोर्डो फवारा: तेवढाच मोरचूद नि चुना, पण पाणी १० लिटर. दोन्ही पाच-पाच लिटरमध्ये वेगवेगळे विरघळवून तिसऱ्या बादलीत एकाच वेळी ओता. बादल्या प्लास्टिकच्याच हव्यात. मग घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. तसंच फवारलंत तर पानं करपतील. द्रावण त्याच दिवशी संपवा. दुकानदार तेल्यावर प्रतिजैविकाची पुडी देऊ करेल; घरच्या एका झाडाला ती नको.

अळीसाठी औषधापेक्षा पिशवी बरी. फळ सुपारीएवढं झालं की कापडी किंवा कागदी पिशवी बांधा, फुलपाखराला अंडी घालायला जागाच उरत नाही. पोखरलेली फळं मात्र झाडावर किंवा कंपोस्टमध्ये ठेवू नका, आतली अळी तिथेच कोष करते.

तेल्या दरवर्षी येत असेल तर पावसाळ्यात फळं धरूच नका. जून-जुलैमधली फुलं खुडून टाका आणि हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधली फुलं घ्या, म्हणजे फळं कोरड्या हवेत पोसतील.