भार येणे हा आजार का?

प्रश्न : मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मनोरुग्णालयात, पोस्टिंग चालू आहे. ‘भ्रम’ आणि ‘भास’ शिकल्यापासून मावशी डोळ्यांपुढून हलत नाही. दर जत्रेला तिला भार येतो, म्हणजे अंगात येते; घुमते, कौल देते. मुलगा जहाजावर गेल्यापासून तिला झोपही नीट लागत नाही. ती मनोरुग्ण आहे का?
– एक विद्यार्थिनी, सत्तरी

उत्तर : पोस्टिंग सुरू झाले की घरातला प्रत्येकजण पेशंट दिसू लागतो. माझ्या सगळ्या बॅचेसचे हेच व्हायचे.

भार उतरल्यावर मावशी काय करते? केस बांधून, पाणी पिऊन ‘खतखत्यात मीठ घातलं का गो?’ विचारत असेल, तर तिचे भान शाबूत आहे.

भ्रम म्हणजे नुसती चुकीची समजूत नव्हे. पुराव्याने न हलणारी आणि त्या व्यक्तीच्या स्वतःच्या माणसांनाही न पटणारी ती समजूत. वॉर्डात एक बाई पेजेला हात लावत नसे. म्हणे सून त्यात काहीतरी घालते. सून तिकडे घरी, पेज आमच्या स्वयंपाकघरातली. मी तिच्यासमोर दोन चमचे खाल्ले. तर म्हणाली, ‘तुमका कळना, ती रातची येता.’ भाऊ, शेजारीण, कुणालाच ते पटत नव्हते. मावशीच्या कौलासाठी मात्र अर्धा गाव नारळ घेऊन उभा असतो.

आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत अंगात येण्याचा विकार वेगळा दिलेला आहे, पण तो मनाविरुद्ध, रूढ धार्मिक रीतीबाहेर येत असेल आणि त्याने त्रास होत असेल, कामधंदा अडत असेल तरच. उद्या बसमध्ये भार आला, किंवा त्यात जीभ चावली, कपडे ओले झाले, तर डॉक्टर गाठायचा. ती फिटही असू शकते. देव येतो की नाही, हा नर्सिंगचा पेपर नव्हे. आपल्या कांदोळीचा आबे फारिया, संमोहन करणारा पाद्री, पॅरिसात सांगत होता की संमोहनाची झोप समोरच्याच्या कसल्या शक्तीने लागत नाही, ती ज्याच्या त्याच्या मनातून येते. पणजीत पुतळा आहे त्याचा, जाता-येता बघ.

मला काळजी वाटते ती तू शेपटाला टाकलेल्या झोपेच्या वाक्याची. आजार नाही म्हणजे मन निरोगी, असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही ताण पेलणे, काम करणे, चारचौघांत आपला वाटा उचलणे हे आहे. मावशी पहाटे तीनला उठून बसते का? जेवण कमी झाले का? काजूच्या बागेत जाते का? जगणे नको वाटते का, हेही सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक असेच चालले असेल तर तिला ओपीडीत ने. तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो.

आणि केस लिहायची वेळ आलीच, तर ‘भ्रम’ असे ठोकून देऊ नकोस. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिही.