भिंत रंगवण्याआधी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एक हिंदूंची, एक मुसलमानांची अशा दोन वस्त्यांच्या मधली ती लांबलचक भिंत, दोन्हीकडची चाळीस मुलं, पंधरा दिवसांचं काम आणि गांधीजयंतीला उद्घाटन. मधोमध हातात हात, वर उडणारी कबुतरं. वाचून तुझा अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला, कारण हे चित्र मी एकदा भिंतीवर लावलेलं आहे. त्याची गोष्ट आजवर मी कुणाला धड सांगितली नाही. तुला सांगते.

2002 च्या दंगलीनंतरचे दिवस. कर्फ्यू उठून काही महिने झाले होते. आम्ही पाच-सहा जणांनी बडोद्याच्या जुन्या शहरातल्या एका शाळेचा हॉल मागून घेतला आणि दोन पोळींमधली, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधली, मुलं चित्रं काढायला बोलावली. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा कोपऱ्यात बसून एक बंद शटर काढत होता. काळा खडू इतका दाबून घासलेला की कागद दोन ठिकाणी फाटला. शटरच्या पायाशी चपलांचा एक जोड, तोही काळा. मी त्याच्या शेजारी बसले आणि अगदी मायेनं म्हणाले, "आता काहीतरी छान काढ ना." त्यानं मुकाट्यानं दुसरा कागद घेतला आणि शेजारच्या मुलीचं बघून कबुतर काढलं. आम्ही ते कबुतर लावलं. प्रदर्शन झालं, फोटो निघाले, लोक गहिवरले. संध्याकाळी त्याची आई आली. एकेक चित्र बघत शेवटपर्यंत गेली, परत आली आणि मला विचारलं, "इसने तो दुकान बनाई थी ना?"

मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही.

त्या दिवशी मी काय केलं ते कळायला मला वर्षं लागली. त्या मुलानं आपलं दुःख आमच्यासमोर ठेवलं होतं आणि मी त्याला सांगितलं की ते आमच्या भिंतीवर शोभत नाही. म्हणून तुझ्या पत्रातल्या कबुतरांपाशी मी अडले. मुलांनी आपणहून काढली तर जरूर असू देत. पण आराखडा तू आधीच काढून ठेवला आहेस आणि मुलांनी फक्त त्यात रंग भरायचा आहे. मग ती भिंत त्यांची कशी होणार?

आधी त्यांना भेटू तर दे. आपल्या शहरात हेच सगळ्यात कठीण झालंय. तुझ्या पिढीला 'अशांत धारा' हा शब्द फक्त घराच्या व्यवहारात भेटतो. 1991 चा तो कायदा दंगलीच्या भीतीनं लोकांनी कवडीमोलानं घरं विकू नयेत म्हणून आला. अशांत म्हणून जाहीर झालेल्या भागात घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी लागते. हेतू संरक्षणाचा होता, पण प्रत्यक्षात या समाजाचं घर त्या समाजाच्या माणसाला मिळणं अवघड होत गेलं. एकीकडचे लोक तांदळजा भागाकडे सरकले, दुसरीकडचे आणखी कुठे. माझ्या लहानपणी भांडण व्हायचं तेही ओट्यावर, समोरासमोर. आता मुलं वेगळ्या वस्तीत, वेगळ्या शाळेत वाढतात आणि एकमेकांना फक्त मोबाइलवरच्या व्हिडिओत बघतात. अशा मुलांना पहिल्याच दिवशी ब्रश देऊन 'एकता' काढा म्हटलं तर ती बिचारी पाठ्यपुस्तकातलंच काढणार.

म्हणून पंधरा दिवसांचे किमान चार महिने कर. उद्घाटनाची तारीख सोड. पैसे देणारे कुरकुर करतील, करू देत. तारीख धरून बसणार असतील तर त्यांचे पैसे घेऊ नकोस, असंच मी म्हणेन.

आणि काम असं शोध की एकाच्या हाताशिवाय दुसऱ्याचं पुढे सरकणारच नाही. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर दहा वर्षांनी ओदिल गाकिरे कातेसे नावाच्या नाटककार बाईनं हुये गावात बायकांचं ढोलपथक उभं केलं. इंगोमा न्शा त्याचं नाव. तिथे ढोल वाजवणं हे परंपरेनं पुरुषांचंच काम. या पथकात हुतू आणि तुत्सी या दोन्ही समाजांतल्या बायका आल्या. कुणाची माणसं मारली गेलेली, कुणाच्या घरातली माणसं मारल्याबद्दल तुरुंगात. त्यांना कुणी आधी क्षमेवर भाषणं दिली नाहीत. ढोल दिले. शेजारणीचा ठोका ऐकल्याशिवाय आपला ठोका बसत नाही, हे ज्यानं लेझीम खेळलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. रोजच्या तालमीत कान आपोआप दुसरीकडे वळतो. पुढचं बोलणं, रडणं, रागावणं ज्याच्या त्याच्या वेळेनं होतं.

तुझ्याकडे भिंत आहे, तर मग रंग मुलांनीच कालवू देत. उत्तरायणाआधी दोरीला मांजा चढवणारे कारागीर बघितले आहेस ना? दोन खांबांमध्ये दोरे ताणून हातातला रंगीत लगदा फिरवत चालत जातात. त्यात बरेच मुसलमान असतात आणि त्यांच्या दोरीवर सगळं शहर पतंग उडवतं. त्यातल्या एखाद्याला शिकवायला बोलाव. पाहुणा म्हणून नको, उस्ताद म्हणून बोलाव आणि मानधन दे. पलीकडून रांगोळी घालणाऱ्या एखाद्या आजी आण. मुलं दोघांकडून शिकू देत. ज्याच्याकडून हात शिकतो त्याच्याबद्दल वाईट ऐकताना कान जरा अडखळतो, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

हे आपल्या गावात काही नवं नाही. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली ती मौलाबक्षांच्या हाती दिली. मराठी राजा, मुसलमान गुरू आणि गावातली कुणाचीही मुलं. मौलाबक्षांनी गाणं कागदावर उतरवायची स्वतःची पद्धत बसवली, कारण घराण्यात जन्म नसलेल्यालाही ते शिकता यावं. फैयाजखाँ इथले दरबारगायक. 'प्रेमपिया' या नावानं बंदिशी रचणारा हा माणूस कृष्णाची होरी गायला बसला की देवळातला आणि मशिदीतला श्रोता मांडीवर एकच ताल धरायचा, असं माझे आजोबा सांगत. 1950 मध्ये ते गेले आणि इथल्याच मातीत विसावले. 2002 मध्ये त्यांच्या कबरीची नासधूस झाली. दोन्ही गोष्टी याच गावात घडल्या. मुलांना फक्त पहिली सांगू नकोस.

नाटकही करणार म्हणतेस, तर ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलचा अनुभव लक्षात ठेव. तरुणपणी त्यांच्या मंडळींनी एका खेड्यात जोशात नाटक केलं: जमिनीसाठी रक्त सांडा. खेळ संपल्यावर व्हर्जिलिओ नावाचा शेतकरी म्हणाला, चला, तुमच्या बंदुका घ्या, आत्ताच निघू. यांच्या बंदुका लाकडाच्या. ती शरम बोआल विसरले नाहीत. पुढे त्यांनी असं नाटक घडवलं की ऐन पेचाच्या जागी खेळ थांबतो, प्रेक्षकांतला कुणीही उठून पात्राची जागा घेतो आणि मी इथे काय केलं असतं ते करून दाखवतो. वस्तीत हे फार चालतं. अफवेचा मेसेज आलाय, पुढे पाठवायचा की नाही. मैत्रिणीच्या घरचं खायला आई नको म्हणते, तेव्हा काय करायचं. एवढे छोटे पेच पुरेत. मात्र कुणालाही मंचावर 'मी माफ केलं' म्हणायला लावू नकोस. ज्यांचं माणूस गेलंय, ज्यांचा खटला वर्षानुवर्षं चाललाय, त्यांच्याकडून आपल्या कार्यक्रमाच्या शेवटासाठी क्षमा मागून घेणं ही दांडगाई आहे. न्याय मागणं आणि शेजाऱ्याशी बोलणं ही दोन्ही कामं माणूस एकाच वेळी करू शकतो. त्याला तेवढी मोकळीक दे.

बारीकसारीक गोष्टी आताच सांगून टाकते, कारण काम मोडतं ते इथेच. जागा देवळाची नको, जमातखान्याची नको. महापालिकेची शाळा बरी. तालमीची वेळ नमाजाशी, रमजानच्या इफ्तारशी, आपल्या नवरात्राशी भिडते का ते आधी बघ. चहा एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून. कोण पीत नाही ते डोळ्यांनी टिपून ठेव, बोलून दाखवू नकोस. मोबाइलवर चित्रण अजिबात नको. रागाच्या भरात निघालेलं एखाद्या पोराचं अर्धं वाक्य रात्रीतून गावभर फिरतं आणि मग त्याला वाचवायला तू पुरी पडणार नाहीस. आयांना पहिल्या आठवड्यातच भेट. घरी जाऊन भेट.

एक गोष्ट आपल्या मराठी माणसांबद्दल. तुझे बाबा म्हणतात ना, हे भांडण गुजराती हिंदू-मुसलमानांचं, आपण कशाला मधे पडायचं? माझ्या घरीही हेच चालायचं. जवळजवळ तीनशे वर्षं या गावात राहून कुणी पाहुणं उरत नाही. 1 जुलै 1946 रोजी अहमदाबादेत पिसाळलेल्या जमावाला अडवताना दोन मित्र मारले गेले, वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी. हेगिष्टे आपल्यातलेच, गुजरातेत वाढलेले मराठी. त्यांनी हे भांडण कुणाचं ते विचारलं नव्हतं. बाबांना सांग. मीही येऊन सांगेन.

ते शटरचं चित्र माझ्याकडे आहे. ट्रंकेत, जुन्या पातळात गुंडाळून ठेवलंय. इकडे आलीस की दाखवीन. पण भिंतीसाठी मागू नकोस. ते त्याचं आहे. तो मुलगा आता मोठा झालाय, मांडवीजवळ त्याचं छोटं दुकान आहे. मी दोनदा समोरून गेले आणि दोन्ही वेळा पुढे चालत राहिले. तुझं पत्र वाचल्यावर परवा ट्रंक उघडली. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, म्हणून बुधवारी सकाळी जाणार आहे. चित्र बरोबर नेईन.

तुझी,
मावशी