टूटिंगचं 'रिस्टोअर' केलेलं व्हिक्टोरियन घर : ऑफर द्यायच्या आधी

लंडनमध्ये टूटिंग ब्रॉडवे स्टेशनजवळ १८९० च्या सुमाराचं टेरेस घर (ओळीत, शेजारच्या घरांना चिकटून बांधलेलं) बघितलंत, 'पूर्ण रिस्टोअर केलेलं' म्हणून ९ लाख पौंड मागतायत, बाजारपेठ पायाशी आहे, घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. अशाच एका घरात मी चौदा वर्षं राहतोय आणि त्या घरावर माझा जीव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'रिस्टोअर' म्हणजे नक्की काय केलं, हे एजंटला आधी विचारा. रंग, नवं किचन, पॉलिश केलेल्या फळ्या, फायरप्लेसच्या फरशा हे सगळं डोळ्यांना दिसतं. खरं काम भिंतीत असतं. या घरांच्या बाहेरच्या भिंती बहुतेक नऊ इंची भरीव विटांच्या असतात, मध्ये पोकळी नसते, आणि विटा चुन्यात बसवलेल्या असतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारखंच आहे हे. चुना पाणी घेतो आणि सोडतोही, त्यामुळे पावसात भिजलेली भिंत वाऱ्याने वाळते. विटांमधल्या या दरजा कुणी सिमेंटने भरल्या की पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही. ते मऊ विटेतूनच बाहेर यायला बघतं, थंडीत गोठतं आणि विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. समोरच्या भिंतीपाशी उभं राहून दरजा नीट बघा. करड्या, टणक, विटेच्या पुढे आलेल्या असतील तर सिमेंट आहे असं समजा. पांढुरक्या, किंचित आत असलेल्या आणि नखाने खरवडल्यावर थोडी भुकटी पडणाऱ्या असतील तर चांगलं लक्षण.

माझंच सांगतो. मागच्या खोलीत दर हिवाळ्यात ओल यायची, खालचे दोन फूट पोपडे धरायचे. तपासायला आलेल्या एका कंपनीने भिंतीत रसायन भरायचं भलंमोठं कोटेशन दिलं. मी ते केलं नाही. एका शनिवारी मागचं लाकडी डेक उचकटलं, तर खाली दोन एअरब्रिक मातीत पुरलेल्या सापडल्या. या घरांची तळमजल्याची जमीन लाकडी तक्तपोशीची असते, तिच्याखालून वारा खेळायला हवा, म्हणून जोत्यात या जाळीच्या विटा ठेवलेल्या असतात. आधीच्या मालकाने अंगण उंच करताना त्या बुजवल्या होत्या. माती काढली, आतल्या बाजूचा जिप्समचा गिलावा खरवडून चुन्याचा गिलावा करून घेतला, आणि पुढच्या वर्षीपासून ओल गेली. तुम्हीही मागे जाऊन एअरब्रिक मोजा. पुढे चार आणि मागे एकही नाही, असं असेल तर विचारा.

खिडक्या जुन्या सॅशच्या, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या, असतील तर खालचा भाग अर्ध्यावर उचलून हात सोडा. तो तिथेच थांबला पाहिजे. चौकटीच्या आत दोरीला लोखंडी वजनं लटकवलेली असतात. नुसती दुहेरी काच बसवली आणि वजनं बदलली नाहीत, तर काच जड होते आणि खिडकी खाली येते. इतकं बारीक काम नीट केलेलं दिसलं, तर माणसाने मनापासून केलंय असा विश्वास बसतो.

खालच्या खोलीतली चिमणीची भिंत काढून जागा मोठी केली असेल, तर वरच्या मजल्यावरचं तिचं ओझं कशावर पेललंय? याचं आणि लॉफ्टच्या (छपराखालच्या जागेच्या) कामाचं कौन्सिलचं कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला, मागा. लंडनची चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात आकसते, या घरांचे पाये उथळ आणि पुढची बे विंडो (भिंतीच्या बाहेर आलेली मोठी खिडकी) अनेकदा वेगळी हलते. तिच्या सांध्यावर वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली भेग, किंवा फक्त तिथेच ताजा रंग दिसला तर सर्व्हेयरला आवर्जून दाखवा. लेव्हल ३ चाच, म्हणजे सगळ्यात सविस्तर, सर्व्हे करा, आणि जुनी घरं ओळखणाऱ्या माणसाकडून.

पैशांचं एक महत्त्वाचं, कारण आपल्या अनेक लोकांना हे उशिरा कळतं. ९ लाखांच्या घरावर स्टॅम्प ड्यूटी ३५ हजार पौंड. पण पुण्यात किंवा ठाण्यात तुमच्या दोघांपैकी एकाच्याही नावावर फ्लॅट असेल आणि त्या हिश्शाची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल, तर इथे भाड्याने राहून पहिलं घर घेतानाही हे दुसरं घर धरलं जातं. मग पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे ४५ हजार. एकूण ८० हजार. आई-वडिलांबरोबर जोडून नाव असलं तरी तुमचा हिस्सा मोजतात. ऑफर देण्याआधी सॉलिसिटरकडून हे लेखी घ्या.

आता वस्तीबद्दल. टूटिंग मला फार आवडतं. १९२६ ला इथे ट्यूब (भुयारी रेल्वे) आली, १९३० आणि १९३६ ला दोन झाकलेल्या बाजारपेठा झाल्या, त्या आजही भरलेल्या असतात. डोसा खायला आणि कढीपत्ता, ओला नारळ घ्यायला लांब जावं लागत नाही. पण शुक्रवारी आणि शनिवारी नॉर्दर्न लाइनची ट्यूब रात्रभर चालते, लोक रात्रभर रस्त्यावरून येत-जात असतात, आणि सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमुळे सायरनही असतात. एजंट तुम्हाला शनिवारी सकाळी अकराला घर दाखवणार. तुम्ही शुक्रवारी रात्री साडेअकराला एकदा त्या गल्लीत जाऊन उभे राहा, पुढच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली, अर्धा तास. आणि एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, तेव्हा छपराच्या पन्हळी कुठे गळतात ते आणि भिंतीवरचे ओले पट्टे दिसतील. दरजांचे आणि बे विंडोच्या सांध्याचे जवळून फोटो काढलेत तर इथे टाका, मी बघून सांगतो.