वाचकांचे प्रश्न: लाकडी जहाजाच्या तोफा आणि त्यांच्या दोऱ्या

प्रश्न: सर, मी 1:72 स्केलमध्ये एचएमएस ट्रिंकोमालीचं मॉडेल करतोय, आपल्या मुंबईत बांधलेलं जहाज म्हणून मुद्दाम हेच घेतलं. मेन डेकच्या तोफांपैकी दोघींना दोऱ्या लावून बघितल्या पण एकदम खेळण्यासारखं दिसतंय, तोफ पुढे काढलेली आहे आणि मागचा जाड दोर तारेसारखा ताठ. कुठे चुकतंय? आणि सगळ्या 28 तोफांना पूर्ण दोऱ्या लावायच्याच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: जहाज फार सुंदर निवडलंत. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलेलं, 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरलेलं, आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय, म्हणजे शंका आली तर खऱ्या जहाजाचे फोटो बघता येतात, किती मॉडेलवाल्यांना हे भाग्य मिळतं!

आता चूक. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, तोफ पुढे आणि दोर ताठ, हे दोन्ही एकत्र होऊच शकत नाही. 18 पौंडी (म्हणजे 18 पौंडाचा गोळा टाकणाऱ्या) तोफेचं वजन साधारण दोन टन, गोळा सुटला की ती गाड्यासकट मागे उसळते, आणि तिला थांबवायचं काम हा जाड ब्रीचिंग दोर करतो. तो एका बाजूच्या भिंतीतल्या कडीपासून निघून तोफेच्या मागच्या बोंडाला धरून दुसऱ्या बाजूच्या कडीला जातो. तोफेचं तोंड खिडकीच्या आत साधारण फूटभर आलं की मग दोर ताणला जायला हवा, कारण तेवढी जागा मिळाली तरच माणसं पुढून साफ करून पुन्हा भरू शकतात. म्हणून तोफ बाहेर काढलेली दाखवली तर दोर दोन्ही बाजूंना डेकवर ढिला पडलेला दाखवा, आणि तोफ आत ओढलेली असेल तर दोर ताठ आणि बाजूच्या टॅकल (तोफ पुढे ओढायच्या कप्पी-दोऱ्या) लांब पसरलेल्या. एवढं एक मनात पक्कं झालं ना की बाकीचं आपोआप बरोबर येतं, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतो कारण महागड्या किटमधल्या सुबक तोफासुद्धा मी याच एका गोष्टीमुळे मेलेल्या दिसताना बघितल्या आहेत.

लांबीचा जुना अंदाज सोपा आहे, तोफेच्या लांबीच्या तिप्पट. 9 फुटी तोफ 1:72 मध्ये 38 मिमी, म्हणजे दोर साधारण 114 मिमी, टोकं बांधायला वर थोडा जास्त ठेवा. जाडी 0.6 ते 0.7 मिमी.

सगळ्या 28 ना? नको हो. एका तोफेला दोन बाजूच्या टॅकल, प्रत्येकीत एक डबल आणि एक सिंगल कप्पी, म्हणजे चार कप्प्या आणि चार हूक, 28 तोफांच्या 112 कप्प्या होतात. क्वार्टरडेक आणि फोक्सलच्या (मागच्या आणि पुढच्या बाजूच्या वरच्या डेकच्या) खालच्या तोफा नंतर दिसणारच नाहीत, तिथे फक्त ब्रीचिंग दोर पुरे. मधल्या उघड्या जागेतून ज्या दिसतात त्यांनाच पूर्ण दोऱ्या लावा आणि तिथे जीव ओता. मागे डेकच्या कडीला जाणारी ट्रेन टॅकल मात्र मी लावत नाही, ती तोफ आत ओढायला लागायची, एरवी डेकवर पायात आली असती.

प्रश्न: दोरा कोणता वापरू आणि तो हवेत उभा राहतो, खाली पडतच नाही, त्याचं काय? कड्या पण पिवळ्याधमक दिसतात. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: ताई, नायलॉन अजिबात नको, चकाकतो आणि गाठ सुटते. सुती किंवा मॅट पॉलिएस्टर घ्या, क्रोशाच्या बारीक दोऱ्यातसुद्धा चांगले मिळतात, फक्त पिळाचा धागा बघा आणि वर लव असेल तर मधमाशीच्या मेणातून एकदा ओढून घ्या. रंग फिकट तागासारखा ठेवा, काळा डांबरी रंग डोलकाठ्या धरणाऱ्या दोरांचा, टॅकलच्या दोऱ्या सतत ओढल्या जायच्या त्या फिकटच शोभतात. टॅकलला 0.25 मिमीच्या आसपास धागा आणि 3 मिमीच्या कप्प्या घ्या, 2 मिमीच्या हाताळता आल्या तर त्याहून छान.

दोर पाडायचा असेल तर फेविकॉलमध्ये पाणी घालून पातळ करा, ब्रशने दोराला लावा, हव्या त्या वळणात सुईने किंवा चिमट्याने दाबून धरा आणि वाळू द्या. फेविक्विक इथे वापरू नका, धागा काचेसारखा कडक आणि काळपट होतो आणि मग वळण बदलता येत नाही. तोफ डेकवर चिकटवायच्या आधी टेबलावरच दोर तिच्या बोंडाला बांधून घ्या, दोन्ही टोकांना कड्या अडकवून बारीक धाग्याचे सहा-सात वेढे द्या, आणि भिंतीतली भोकं वरचा डेक बसवायच्या आधीच पाडून ठेवा, नंतर तिथे ड्रिल जाणार नाही. त्या काळच्या ब्रिटिश तोफांना बोंडाच्या वर एक कडी असायची, दोर तिच्यातून जायचा, किटमधल्या तोफेला ती नसेल तर मानेभोवती वेढा घालून बांधा, या मापात चालून जातं.

कड्यांसाठी वायरमधली तांब्याची बारीक तार ड्रिल बिटवर गुंडाळून पिळा. पितळ-तांबं काळं करायचं लिक्विड मिळतं पण आधी साबणाच्या पाण्यात धुऊन तेलकटपणा घालवा, नाहीतर डाग डाग होतात.

प्रश्न: क्वार्टरडेकवर कॅरोनेड आहेत, त्यांनाही हेच सगळं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही, तिथे वेगळा विचार करा. कॅरोनेड आखूड, तिला चार चाकांचा गाडा नसतो, खाली सरकपट्टी असते आणि ती पुढच्या बाजूला खिळ्यावर फिरते. मागे उसळण्याचं अंतर सरकपट्टीपुरतंच, म्हणून ब्रीचिंग दोर आखूड, पण 32 पौंडी असेल तर दोर जाडच लागतो, आखूड तोफ म्हणून बारीक धागा लावू नका. टॅकल बाजूने फिरवायला लागतात, आणि उंची कमी-जास्त करायला मागे स्क्रू दिसायला हवा, तो स्क्रू केला की काम एकदम खरं वाटतं.

आणि ठाण्याच्या वाचकांसाठी एक राहिलंच, ट्रिंकोमाली नंतर 1840 च्या दशकात बदलून 26 तोफांची केली होती. तुमचं मॉडेल 1817 चं की त्यानंतरचं हे दोऱ्या कापायच्या आधी ठरवा, कारण तोफा बदलल्या की सगळी मापं बदलतात.